लंगडी पुढे निघाली होती

एसिरकेप म्हाताऱ्याला कुणी विचारलं, "घोडी किती आहेत?" तर तो म्हणायचा, "आहेत तितकी आहेत." विचारणाऱ्याने फारच पिच्छा पुरवला तर म्हणायचा, "एकही कमी नाही." यापुढे त्याच्याकडून काही मिळायचं नाही. जित्राबाला आकडा लावला की नजर लागते, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापाने. खरं म्हणजे आकड्यावाचून त्याचं काही अडतही नव्हतं. संध्याकाळी कळप खोऱ्यातून वर चढायला लागला की तो टेकाडावर उभा राहून एकदाच नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "पांढऱ्या कपाळाची मागे राहिली." कुणी ओढ्यापर्यंत जाऊन पाहिलं तर पांढऱ्या कपाळाची तिथे खरंच चरत असायची.

आता अशा माणसाच्या घरात मोजदाद करणारी सून यावी, याला काय म्हणायचं!

तोरगिन ही त्याच्या धाकट्या मुलाची, सेरझानची बायको. सेरझान खाणीवर ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. तोरगिनचं काम मात्र इथेच, उन्हाळी कुरणाच्या वरच्या अंगाला, कड्यावरच्या पांढऱ्या घुमटात. तिथे मोठी दुर्बीण होती. माणसाने आकाशात जे टाकून दिलंय त्यावर तिथून नजर ठेवायची. मेलेले उपग्रह, रॉकेटांची रिकामी टरफलं, कशावर काय आपटून उडालेले तुकडे. कुठला तुकडा कुठे आहे, उद्या कुठे असेल, कुणाच्या वाटेत येईल, हे सगळं टिपून राजधानीतल्या केंद्राला कळवायचं.

खालच्या तंबूतला कोझाबेक एसिरकेपच्याच वयाचा. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांनी एकमेकांची टर उडवावी, आणि ज्याची उडाली त्याने राग धरू नये, ही तिथली रीतच. त्यामुळे एसिरकेपला एसेके म्हणणाऱ्या कोझाबेकला मोकळं रान होतं.

"काय एसेके, सूनबाई काल किती केर मोजून आल्या? झाडू लागत असेल तर आमच्याकडे आहे हो जुना."

"केर करणाऱ्यांपेक्षा केरावर लक्ष ठेवणारी बरी," एसिरकेप म्हणायचा. "तुझ्या तंबूमागचा ढीग बघायला दुर्बीणही नको."

वरवर असं बोलायचा, पण पहिल्या वर्षी त्यालाही ते काम कळलं नव्हतं. केर तो केर, त्याच्या मागे काय लागायचं? एकदा चहा पिताना त्याने सुनेला तसं विचारलंही. तिने कुर्तचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, चार-पाच गोळे पंच्यावर मांडले आणि म्हणाली, "बाबा, हे बघा. ही जनावरं धन्याने मोकळी सोडली आणि धनी घरी गेला. दावं नाही, राखोळी नाही. ही थांबत नाहीत, चरत नाहीत, नुसती धावतात, बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने. दोन एकमेकांवर आपटली की दोनाची हजार होतात, आणि ती हजारही धावतात. दर वर्षी नवी सोडतात. जुनी कुणी परत नेत नाही."

एसिरकेपने एक गोळा उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"धनी कोण आहेत यांचे?"

"सगळे मोठे मोठे मुलूख."

"लाज नाही," तो म्हणाला. त्या दिवसापासून सुनेच्या कामाला त्याने कधी केर म्हटलं नाही.

तो स्वतःही आकाश बघायचाच. लहानपणी चालता ठिपका दिसला की सगळी वस्ती तंबूबाहेर यायची, म्हातारे टोप्या काढायचे. आता वाटीतला चहा निवायच्या आत डोक्यावरून दहा जायचे. जणू बाजाराच्या दिवशीचा पाणवठा. संध्याकाळी, सूर्य डोंगरामागे गेला पण उजेड अजून सरला नाही अशा वेळी, तो तंबूबाहेर खोगिरावर बसायचा आणि बघायचा. जवळचं त्याला धूसर दिसायचं, सुईत दोरा ओवायला तो बायकोला हाक मारायचा; पण दूरचं ससाण्यासारखं दिसायचं. जे ठिपके रोजच्या वेळेला रोजच्या वाटेने यायचे त्यांना तो चालीवरून ओळखायला लागला, आणि ओळख झाली की नावं आलीच.

त्यात दोन होत्या, दोन्ही एकाच वाटेने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या. पहिली यायची तिला तो जोर्गा म्हणायचा. ज्या घोड्यावर भरली वाटी हातात धरून बसलं तरी थेंब सांडत नाही, त्याला तिथे जोर्गा म्हणतात. तिचा उजेड तसाच होता, सावकाश वाढणारा, सावकाश उतरणारा. तिच्या मागून, किटली भरायला लागतो तेवढ्या वेळाने, यायची लंगडी. तिची चाल तुटकी होती. नालाचा खिळा खुरात रुतला की घोडी जशी पाऊल टाकते, तशी.

ऑगस्ट अर्धा सरला होता. आधीच्या आठवड्यात चार दिवस ढग होते, मग पहाटेचं आभाळ उघडायला लागलं; स्वच्छ संध्याकाळ मिळाली ती मात्र आता. त्या संध्याकाळी एसिरकेप खोगिरावर बसला होता, आणि एकदम उठून उभा राहिला.

"म्हातारे!" त्याने बायकोला हाक मारली. "लंगडी पुढे आलीय."

कलांपीर आत बौरसाक, कणकेचे फुगीर गोळे, तळत होती. "कुठली लंगडी? आपल्याकडे कुणी लंगडत नाही, तुमचा गुडघा सोडून."

"वरची."

"अहो घरधनी, खालची घोडी आधी बांधा. वरच्यांना धनी आहेत."

"तेच तर नाहीत," म्हातारा पुटपुटला.

तोरगिन तेवढ्यात कड्यावरून खाली आली होती. दोन घास खाऊन तिला परत वर जायचं होतं. तिचा चेहरा उतरलेला होता. चहा घेतला, पण वाटी तशीच हातात धरून बसली. कलांपीरने विचारलं तेव्हा म्हणाली, "कारलिगाशच्या वाटेत काहीतरी येतंय, आई. उद्या दुपारी. केंद्र म्हणतं धोका नाही, नऊ किलोमीटरवरून जाईल. मी मोजलं तर माझंही नऊच येतं. पण रोज दुर्बिणीत दिसतं त्याला ते नीट बसत नाही. काहीतरी घसरतंय, रोज थोडं थोडं."

कारलिगाश म्हणजे भिंगरी, ते चिमुकलं पाखरू. पण ही भिंगरी म्हणजे देशाचा स्वतःचा छोटा उपग्रह. वरून बर्फ बघायचा, वणवे बघायचा. गेल्या हिवाळ्यात पाऊस पडून लगेच गोठला, गवतावर काचेसारखा थर बसला. अशा वेळी जनावरं खुरं रक्ताळेपर्यंत उकरतात आणि उपाशी मरतात. भिंगरीने तो थर दोन दिवस आधी दाखवला म्हणून एसिरकेपने कळप नदीपलीकडे हलवला. कोझाबेकनेही हलवला, फक्त ते तो कबूल करत नसे.

"कोण येतंय वाटेत?" एसिरकेपने विचारलं.

"रॉकेटचं जुनं टरफल आहे. तीस वर्षांपूर्वी सोडलेलं. एकाच जातीची दोन आहेत, एकामागून एक जातात. यादीत एकाचा आकडा एकोणचाळीसने संपतो, दुसऱ्याचा बावन्नने. उद्या येतंय ते एकोणचाळीस, पुढे चालणारं."

"आत्ता गेलं ते? दक्षिणेकडून?"

"हो."

"मग ती लंगडी," म्हातारा म्हणाला. "जोर्गा मागून आली."

तोरगिन हसली. "बाबा, यादीत दोन्ही आहेत. दोन्ही आपापल्या जागी. पुढचं पुढे, मागचं मागे. एकही कमी नाही, तुमच्याच शब्दांत सांगायचं तर."

एसिरकेप हसला नाही. "बाळ, मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा कोझाबेकच्या चुलत्याचा कळप आणि आमचा कळप घाटात एकमेकांत मिसळले. वाट अरुंद, वर धुकं. खाली उतरल्यावर त्याने त्याची वेगळी केली, आम्ही आमची. माझा मोठा भाऊ शहरात शिकलेला. त्याने मोजली. गेली होती तितकीच भरली. म्हणाला, चला. तीन दिवसांनी मी बघतो तर आमची तांबडी घोडी आमच्यात नाही, तिच्या जागी त्यांची एक तांबडी. आकडा बरोबर होता, घोडी चूक. ज्याला नुसता आकडा येतो त्याचीच घोडी बदलते."

तोरगिनच्या हातातली वाटी हलली. चहा लोकरी नमद्यावर सांडला, आणि कलांपीर "अगं!" म्हणाली, पण सून ऐकत नव्हती.

"घाटात मिसळले," ती हळू म्हणाली. "बाबा, तुम्ही शेवटचं नीट कधी पाहिलंत? जोर्गा पुढे होती तेव्हा?"

"ढगांच्या आधी. ढग गेले तेव्हा लंगडी पुढे."

"ढगांच्या दिवसांतच मागचीने पुढचीला गाठलं. अगदी शेजारून गेल्या दोघी. यादीवाल्यांनी धरलं की जी पुढे होती ती पुढेच आहे." ती उठली. "बाबा, माझ्याबरोबर वर चला."

एसिरकेपला तीन वर्षांत कुणी वर बोलावलं नव्हतं, आणि आपण होऊन जाणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने नवी टोपी घातली. कलांपीरने त्याच्या खिशात गरम बौरसाक कोंबले, "केंद्राशी उपाशीपोटी बोलू नका," म्हणाली. दोघं घोड्यांवरून कड्याकडे निघाले.

वाटेत त्याने विचारलं, "समजा अदलाबदल झालीय. तरी ठिपका आहे तिथेच आहे ना? नाव चुकलं तर काय बिघडलं?"

"तुमची एक घोडी वाटेत मिठाच्या दगडाशी थांबते, दुसरी थांबत नाही. मला दुसरी वाटली तर मी उताराशी कधी जाऊन उभी राहीन?"

"चुकीच्या वेळी."

"तसंच. इतक्या वरही थोडी हवा असते, अगदी विरळ. जोर्गा तिच्यातून सरळ जाते. लंगडीची कूस फाटलीय, ती कोलांट्या खात जाते, हवा तिला जास्त अडवते. ती रोज थोडी खाली येते, आणि खालची फेरी आखूड म्हणून पुढे निघते. आम्ही उद्याची जागा काढली ती जोर्गाची चाल धरून. लंगडीची धरली तर ते नऊ किलोमीटर..." तिने घोड्याला टाच मारली. 

घुमटाच्या खालच्या खोलीत ऊब होती, पडदे होते, आणि पडद्यांवर आकड्यांच्या रांगा. एसिरकेप दाराशीच उभा राहिला. तोरगिनने फोन लावला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असा केला. पलीकडे ओराझाली होता, केंद्राचा प्रमुख. तोरगिनचा जुना शिक्षक. त्याला सगळे आदराने ओरेके म्हणत.

तिने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. पलीकडून सुस्कारा आला.

"तोरगिन, भिंगरीच्या पोटात एका उडीपुरतं इंधन उरलंय. एकाच. ती उगाच उडवली तर पुढच्या वेळी आपण हातावर हात ठेवून बघत बसायचं. सकाळी सहाला ती आपल्यावरून जाते, हुकूम द्यायचा तर तेव्हाच. आणि तू मला कशाच्या जोरावर सांगतेस? घोडे राखणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं म्हणून?"

"वाटलं म्हणून नाही, ओरेके. त्यांनी पाहिलं म्हणून."

"तुझं स्टेशन बंद करायला लोक टपून आहेत, माहितेय ना? म्हणतात, एवढा खर्च करून डोंगरावर एक बाई कशाला ठेवायची. मी त्यांना काय सांगू? घोडीच्या दुधाचं कुमिस पिऊन ठिपके बघणारा साक्षीदार आहे?"

तोरगिनचे कान लाल झाले. एसिरकेपने ते पाहिलं. त्याचा संताप झाला, पण त्याबरोबर शंकाही आली. खरंच डोळ्यांनी दगा दिला असेल तर? वसंतात एकदा, दूरचं एवढं दिसत असूनही, मुलगा वाटेवर समोर येऊन उभा राहीपर्यंत त्याला ओळखू आला नव्हता. आज एकट्याची फजिती झाली असती तर चाललं असतं. पण या पोरीची खुर्ची त्याच्या डोळ्यांवर टेकली होती.

तो पुढे आला. "सलाम," तो फोनकडे बघून मोठ्याने म्हणाला.

 पलीकडचा आवाज बदलला, लहान माणसाने मोठ्याशी बोलावं तसा झाला. "वालेकुम सलाम, अक्साकाल. जनावरं, माणसं सुखरूप?"

"देवाच्या कृपेने. तुमची?"

"सुखरूप. अक्साकाल, राग मानू नका. तुम्ही संध्याकाळी ठिपके बघता म्हणे. किती बघता?"

"मोजत नाही."

"बरं. घोडी किती आहेत तुमची?"

"एकही कमी नाही."

पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग कळलं की तो माणूस हसतोय. "माझा बाप! अगदी माझा बाप! शाळेच्या अर्जात जनावरांची संख्या लिहायची होती, तर त्याने लिहिलं, 'सगळी आहेत.' मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं." हसणं थांबलं. "अक्साकाल, हरवलेलं जनावर मागायला आलेल्या माणसाला आपल्याकडे काय करायला लावतात?"

"जनावर न दाखवता आधी खुणा सांगायला लावतात."

"तर सांगा. तोरगिन, तू मध्ये एक शब्द बोलू नकोस. दुर्बीण ठिपक्याची जागा टिपते तेव्हा त्याचा उजेड कसा वरखाली होतो तेही टिपते. ते आम्ही साठवतो, पण बघत कुणी नाही. बावन्नची जूनमधली नोंद मी आता समोर उघडतोय. अक्साकालांनी ती बघितलेली नाही. सांगा, तुमची लंगडी कशी चालते?"

एसिरकेपने डोळे मिटले. खोलीतल्या पडद्यांमुळे त्याचं मन भरकटत होतं. मिटल्यावर आकाश दिसलं.

"दोनदा लखलखते. चट, चट. त्यातली दुसरी जास्त जोरात. मग विझते. विझलेली असताना चहाचा एक घोट सावकाश घेऊन होतो. मग एकदाच, अगदी मंद, राखेतल्या निखाऱ्यासारखी. मग लगेच परत चट, चट. मंद झाल्यावर थांबत नाही ती. तिथेच तिची खोड आहे."



"दुसरी जास्त जोरात?" ओराझालीने विचारलं.

"दुसरी."

"आणि जोर्गा?"

"तिला काय खूण! ती पाण्यासारखी. वाढते, उतरते. एकदा वाढून उतरेपर्यंत दोन घोट."

पलीकडे कळा दाबल्याचे आवाज आले. बराच वेळ आले. तोरगिनने दोन्ही हात मांडीखाली घातले होते, लहान मुलींसारखे.

"जूनमधलं बावन्न," ओराझाली शेवटी म्हणाला.  "दोन कळस, दुसरा उंच. मग सपाट. मग एक बुटका, आणि त्याला चिकटून लगेच पुढचे दोन. आणि परवाचं एकोणचाळीस... दोन कळस, दुसरा उंच." तो थांबला. "बावीस जण बसतो आम्ही इथे. रोज आकडे जुळवतो. रोज जुळतात."

"आकडा जुळतोच," एसिरकेप म्हणाला. त्याला त्या माणसाची कीव आली. "म्हणून तर फसायला होतं."

"नोंदीत पहिल्यांदा ओळखणाऱ्याचं नाव जातं, तोरगिन. ही नोंद सगळ्या मुलखांना जाईल, त्यांच्याही याद्या चुकलेल्या आहेत. नाव काय लिहू?"

तोरगिनने तोंड उघडलं आणि मिटलं. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. तीन वर्षांत तिने ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

"ते... आमच्या घरातले थोर," ती म्हणाली.

"थोर? आडनाव काय, थोर?"

"ओरेके, मी सून आहे हो!"

"अरे हो. हो, हो. चुकलो."

मग म्हाताऱ्याने टोपी सारखी केली, आणि भर सभेत उभा असल्यासारखा म्हणाला, "एसिरकेप. झुमाकानचा मुलगा. घोडी राखतो."

"लिहिलं," पलीकडून आवाज आला. "तोरगिन, लंगडीची चाल धरून पुन्हा काढ. मीही काढतो. दोघांचं जुळलं तर सहाला हुकूम जाईल. पण खाली सही तुझी लागेल. उडी वाया गेली तर मला तुला वाचवता येणार नाही."

"सही माझी," ती म्हणाली. एसिरकेपकडे तिने बघितलंही नाही. बघायची गरज तिला वाटली नाही. म्हाताऱ्याने खिशातला बौरसाक काढून तोंडात घातला.

तिचं उत्तर आलं दोनशे मीटर. ओराझालीचं एकशे ऐंशी. नऊ किलोमीटर नाहीच. घोड्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतराने ते टरफल भिंगरीच्या अंगावर येत होतं, आणि त्या वेगाला दोनशे मीटरचं अंतर म्हणजे पापणी लवण्याइतकंही नाही. सकाळी सहाला हुकूम गेला.

दुसऱ्या दिवशी घटका सरता सरत नव्हती. गाठ पडायची होती ती भर दुपारी, कुठल्या तरी समुद्रावर. इथून दिसण्यासारखं काहीच नव्हतं. भिंगरी कड्यावरून परत जाणार ती संध्याकाळी. तेव्हा ती बोलली तर वाचली, गप्प राहिली तर संपली. तोरगिन सकाळपासून वरच होती. एसिरकेपने सकाळी घोड्यांचे नाल तपासले, दुपारी तेच नाल पुन्हा तपासले. एका लगामाची शिवण उसवली आणि परत घातली.

उन्हं उतरल्यावर कोझाबेक आला. "दोर हवा होता," म्हणाला. दोर मिळाल्यावरही गेला नाही. नमद्यावर बूड टेकवून म्हणाला, "ऐकतोय की तुझं नाव राजधानीत पोचलं. आता हिवाळ्यात टोपी काढून बोलावं लागणार तुझ्याशी?"

"तुझी टोपी काढलीस तर खालचं टक्कल दिसेल. राहू दे."

कलांपीरने दोघांना चहा दिला. कोझाबेक दोन घोट प्यायला, मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "एसेके, थट्टा नाही करत. भिंगरीचं काही बरंवाईट झालं तर यंदाच्या हिवाळ्यात बर्फाचं कोण सांगणार?"

गेल्या हिवाळ्यापासून त्याने पहिल्यांदाच ते कबूल केलं होतं, पण एसिरकेपने त्याला चिमटा काढला नाही. सूर्य डोंगरामागे गेला होता. तो खोगिरावर बसला आणि दक्षिणेकडे बघत राहिला.

वेळ झाली तशी लंगडी आली. धारेवरून वर चढली. चट, चट. दुसरी जोरात. विझली. एसिरकेपने हातातल्या वाटीतून सावकाश एक घोट घेतला. राखेतला निखारा. चट, चट.

त्याचे खांदे सैल झाले.

"काय?" कोझाबेकने विचारलं. "काय झालं? मला नुसता ठिपका दिसतोय."

"कालच्यासारखीच लंगडतेय."

"मग?"

"अरे, एवढ्या वेगात कुणाला धडकली असती तर तुकडे झाले असते. एखादा तुकडा उरला असता तरी त्याची चाल अशी राहिली नसती. ही धडकलेली नाही. भिंगरी सुटली."

"डोळ्यांनी सांगतोस हे? इथून?"

"मग काय कानांनी सांगू?"

कोझाबेक काही बोलणार तोच कड्यावरून टापा ऐकू आल्या. तोरगिन भरधाव खाली येत होती, डोक्यावरचा रुमाल मानेवर सरकलेला. सासऱ्यासमोर सुनेने आवाज चढवू नये, घोडा पळवत तंबूच्या दाराशी येऊ नये, या सगळ्या रीती ती त्या उतारावरच टाकून आली होती.

"सुयुंशी!" ती लांबूनच ओरडली. "बाबा, सुयुंशी!"

चांगली बातमी आणणारा बातमी सांगायच्या आधी हे ओरडतो, आणि ऐकणाऱ्याने त्याला जे मागेल ते द्यायचं असतं.

"दिली!" म्हातारा उभा राहून ओरडला. "बोल!"

"बोलली भिंगरी! चित्रं पाठवली! सगळी शाबूत आहे!" ती घोड्यावरून जवळजवळ पडलीच. कलांपीरने तिला पोटाशी धरलं. "ओरेके म्हणाले, जुन्या वाटेवर असती तर गेली होती. सगळ्या मुलखांनी याद्या दुरुस्त केल्या. एकाने तर विचारलंय, ओळखणाऱ्याकडे कुठलं यंत्र आहे?"

"खोगीर आहे म्हणावं," कोझाबेक म्हणाला, "आणि ते पण माझ्या बापाकडून घेतलेलं."

"काय मागतेस, ते माग," एसिरकेप सुनेला म्हणाला.

"रोज संध्याकाळी वर या, बाबा. चालीवरून ओळखायच्या अशा अजून शेकडो आहेत. रोज नव्या येतायत."

"ते काम झालं. कामाला मी येईनच. सुयुंशी माग."

 खरंच काय मागावं हे तोरगिनला सुचत नव्हतं. मग म्हाताऱ्यानेच तिचा प्रश्न सोडवला. कळप टेकाडाखाली गोळा झाला होता. त्यात यंदाचं एक काळसर शिंगरू होतं, लांब पायांचं, सगळ्यांच्या पुढे राहायची खोड असलेलं. त्यावर सेरझानचा डोळा होता, कोझाबेकच्या नातवाचाही. एसिरकेपने लांब काठीचा फास उचलला आणि गुडघा दुखत असतानाही घोड्यावर चढला.

पहिला फास शिंगराच्या कानावरून गेला. दुसरा त्याने वाकून चुकवला. कळप फुटून इकडेतिकडे झाला, धूळ उडाली, आणि वरच्या उरल्यासुरल्या उजेडात म्हाताऱ्याचा फास रिकामाच परत येताना सगळ्यांना दिसला. कलांपीरने तोंडावर रुमालाचं टोक धरलं. तिसऱ्या फेकीला फास गळ्यात बसला.

एसिरकेप शिंगरू ओढत टेकाडावर आला आणि दोर सुनेच्या हातात दिला. त्याला धाप लागली होती, पण पाठ ताठ होती.

"पहिल्याच फेकीला!" कोझाबेक खालच्या तंबूंपर्यंत ऐकू जाईल असं ओरडला. "ऐकलंत का रे? एसेकेने पहिल्याच फेकीला धरलं!"

आणि कुणीही त्याला खोडलं नाही.